रुमालाखालचा हात

जालन्याच्या गुरांच्या बाजारात काही जण अजूनही रुमालाखाली सौदा करतात. भाव बोटांनी सांगायचा, तोंडानं नाही. आमच्या व्यापारी संघाचे अध्यक्ष मात्र नमस्काराच्या जागीही रुमाल पुढे करतात. त्यांचा हात भर उन्हाळ्यातही गार असतो. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नाहीत आणि आपण बोलायच्या आधीच मान हलवतात.

बाजारातल्या सावलीच्या जागा दरवर्षी त्यांच्याच माणसांना मिळतात. एका म्हशीपासून धंदा उभा केलेला मी, माझी जनावरं अजून उन्हात. अध्यक्षही वर्षानुवर्षं तेच. म्हणून यंदा मी ठराव दिला : कुणीही दोनदाच अध्यक्ष व्हावं.

सभेआधी त्यांनी रुमाल पुढे केला. मी हात घातला. त्यांची बोटं हलली नाहीत, नुसती माझ्या हाताभोवती मिटली.

"शेठ, ठराव बिलकुल बराबर आहे," ते हळूच म्हणाले. "मीच अनुमोदन देतो."

"मंग खुर्ची सोडता का?"

"नियम आजपासून लागू. मागचं कशाला मोजून राह्यले?"

म्हणजे आणखी दोनदा तेच. मी भांडायलाच आल्तो, पण माझी मान आपोआप होकाराची हलली.

सभेत त्यांनी ठराव 'आजपासून लागू' असं जोडून वाचला आणि मत मागितलं. सगळे हात वर गेले. कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान वर केली. माझाही हात वर होता, आणि खाली घ्यावा म्हटलं तर तो येईना.