दगडावरची सहा नावं

दुकानात आल्या आल्या सर प्लास्टिकचं स्टूल ओढायचे, माझ्या कॉम्प्युटरला खेटून बसायचे आणि म्हणायचे, "भरोसा हाय भाऊ तुमच्यावर. पण बघून घेतो."

देगलूरला माझं छपाईचं दुकान. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, कॉलेजच्या स्मरणिका. सर तिथल्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे. आपलं पान छापून बाहेर पडेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. चहासुद्धा पडद्यावरची नजर न काढता प्यायचे, त्यामुळे निम्मा शर्टावर जायचा. असं गिऱ्हाईक तुमच्या वाट्याला आलं असतं तर तुम्हीही वैतागला असता.

त्यांचा संशय माझ्या एकट्यावर नव्हता, साऱ्या इतिहासावर होता. मशीन तापेपर्यंत ते मला ग्रीस, बाबिलोन, रोम फिरवून आणायचे. "रोममधी गुलामाच्या गळ्यात पट्टा राहायचा. पळाला तर धरून आणा म्हणून लिहिलेला. मालकाचं नाव, ठिकाण, समदं. मग सांगा, गड्याचं नाव कुणी गाळलं?"

"आपल्याकडं तरी असलं नव्हतं सर," मी म्हणायचो.

मीच काहीतरी दडवतोय असं ते माझ्याकडे बघायचे. "जुन्या पाली ग्रंथांत दासाचे प्रकार सांगितलेत. घरात जन्मलेला, इकत घेतलेला, लढाईत धरलेला. नव्हतं तर प्रकार कशाला पाडले?"

जवळच्या एका गावात देवळापुढे जुना कन्नड शिलालेख आहे. देवस्थान समितीने त्यावर पुस्तिका लिहायचं काम सरांना दिलं. सरांनी तो उदगीरच्या एका कन्नड गुरुजींकडून वाचून घेतला. मग गुरुजींवर भरोसा असूनही बिदरच्या दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा वाचून घेतला. देवळाला काय काय दान दिलं त्याची ती यादी होती. शेत, तेलाचा घाणा, गाई आणि सहा माणसं. माणसांची नावंही कोरलेली: केतव्वे, माळव्वे, कालव्वे, बोम्मव्वे, चट्टय्या, मारय्या.

ती नावं वाचताना सरांचा आवाज मी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. "रोमच्या पट्ट्यावर न्हाईत भाऊ, इथं हायेत. माझा आजा जन्मभर दुसऱ्याच्या शेतात सालगडी. त्याचं नाव कुठंच न्हाई, सातबाऱ्यावर न्हाई की दगडावर न्हाई. ह्यांचं तरी राहू द्या."

नेमकं छपाईच्या दिवशी त्यांना बायकोला लातूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. दारातूनच म्हणाले, "ह्या टायमाला बघत न्हाई. तुमच्यावर सोडतो."

दुपारी समितीचे अध्यक्ष आले, मजकूर चाळला. "माणसं दान दिली म्हणून छापता व्हय? उगं गावाची बदनामी. तेवढ्या ओळी काढा." जत्रेचं सगळं काम त्यांच्याकडूनच यायचं. मी ओळी काढल्या आणि गाईंपाशी पूर्णविराम दिला. मिनिटभराचं काम होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी सर आले. गठ्ठ्यातली वरची प्रत घेऊन त्यांनी थेट तेच पान उघडलं.

"कुणी गाळलं?"

"अध्यक्ष म्हणाले की..."

"मी इचारलं, कुणी गाळलं?"

"मी."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी निळं पेन मागितलं आणि त्याच स्टुलावर बसून दोन दिवस एकेका प्रतीत, गाईंच्या पुढे, सहाही नावं हाताने लिहिली. मी मदत करू का म्हणून विचारलं, तर "राहू द्या" म्हणाले. अध्यक्षांनी गठ्ठे पाहिलेही नाहीत, तसेच जत्रेत वाटले. सर मात्र पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. आपली कामं ते नांदेडला नेऊ लागले.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. पुण्यानुमोदनाची पत्रिका छापायला त्यांची मुलगी माझ्याकडे आली. ती लातूरला शिक्षिका आहे. माझ्याकडे कशी काय, असं मी न राहवून विचारलं.

"बाबांनीच सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "छपाई देगलूरलाच करा म्हणले. पण कागद हातात येईपर्यंत तिथून उठू नका."

तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि कॉम्प्युटरला खेटून बसली. मी सरांचं नाव टाइप केलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.