दोरीवरची पलटण

आमच्या साडूंपुढं हात टेकले नाहीत असा माणूस सातारा जिल्ह्यात शिल्लक नाही, आणि सांगली जिल्ह्यात जे दोन-चार असतील त्यांची अजून साडूंशी गाठ पडलेली नाही, एवढंच. मी सांगलीत राहतो आणि ते साताऱ्यात. मधलं अंतर देवानं माझ्यावर दया येऊनच ठेवलंय, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मग मोबाइल आला आणि ती दयाही संपली. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले; पण ते निवृत्त झाल्याचं फक्त फौजेला माहीत आहे, त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. घरात चपला एका रेषेत. अंगणातल्या कुंड्या उंचीप्रमाणं. पाहुण्यांनी सांगितलेल्या वेळेआधी येऊन दाखवायचं, उशीर झाला तर फाटकातच जाब द्यायचा. आमची मेव्हणी, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, तिला मी एकदा न राहवून विचारलं की, या माणसाबरोबर एवढा संसार केलास तरी कसा? ती शांतपणे म्हणाली, "आवं, निम्मा संसार ते बॉर्डरवर हुते, म्हून निभावलं."

तर या घरात एक नात होती. शिवन्या तिचं नाव, सगळ्यांची शिवू. साडूंचा मुलगा बापाच्या पावलावर पाऊल टाकून फौजेत गेलेला, सून मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. तिच्या ड्यूट्या दिवसाच्या, रात्रीच्या, कशाचा कशाला मेळ नाही. म्हणून पोरगी तान्हेपणापासून साताऱ्याला आजी-आजोबांकडं. पोरगी हुशार, बोलायला फटाकडी, चार पिढ्यांची भांडणं तोंडपाठ, पण दुसरीत गेली तरी वाचता म्हणून येईना. शाळेतल्या बाईंनी सुनेला फोन करून सांगितलं. सून दिवाळीला आली आणि सगळ्यांच्या देखत, शिवूच्याही देखत, स्पष्ट बोलली, "आबा, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत वाचायला आलं तर राहू दे हितं. न्हाईतर मी तिला मिरजेला न्हेते. माझी आई येऊन राहील, शिकवणी लावीन." तिचं काही चुकलं नव्हतं. पण साडूंचा चेहरा मी पाहिला होता. ती पोरगी गेली असती तर त्या घरात 'सावधान' म्हटल्यावर हसणारं कुणी उरलं नसतं. आक्का केव्हाच हसायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशीच साडूंनी मोहीम उघडली. मी जन्मभर हायस्कूलमध्ये मराठी शिकवलेलं. घरातला मास्तर म्हणून मला काही विचारतील असं मला उगाच वाटलं. छे! विचारणं हा प्रकार त्यांच्या फौजेत नव्हता, तिथं फक्त कळवणं होतं. त्यांनी मला फोनवरून कळवलं, "पावणं, एका गावची पोरं एका तुकडीत घातली की एकमेकाला सांभाळून घेत्यात. शब्दाचं बी तसंच हाय. घर, कर, भर, दर, सर. सगळे एका गावचे. शेपूट तेच, फकस्त डोकं बदलतंय." आता खरं सांगायचं तर कल्पना मुळीच वाईट नव्हती. यमकाच्या शब्दांनी पोरं चटकन वाचायला लागतात, हे मलाही ठाऊक होतं. पण चांगली गोष्ट साडूंच्या हातात पडली की तिचं काय होतं, हेही मला ठाऊक होतं, म्हणून मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांच्यावर फाटकाला देऊन उरलेल्या हिरव्या रंगानं शब्द लिहिले गेले. एका पुठ्ठ्यावर एक शब्द. ते पुठ्ठे अंगणात आक्काच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर चिमट्यांनी लटकले. एक दोरी म्हणजे एक तुकडी. आक्काची लुगडी तेव्हापासून शेजारणीच्या गच्चीवर वाळायला लागली. रोज सकाळी शाळेच्या आधी हजेरी. शिवू हातात छडी घेऊन दोरीच्या कडेनं चालायची, एकेका पुठ्ठ्याला छडी लावायची आणि खड्या आवाजात ओरडायची, "ताट हाजिर! वाट हाजिर! लाट हाजिर! खाट हाजिर!" शेवटचा शब्द झाला की सलाम. साडूंची छाती अशी फुगायची की बंडीच्या गुंड्यांची मला काळजी वाटायची.

शब्द कमी पडायला लागले की पहाटे पाच वाजता माझा फोन वाजायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "पावणं, 'आट'च्या तुकडीत जवान कमी पडल्यात. ताट, वाट, लाट, खाट, घाट, पाट, थाट झालं. आणखी बोला." मी पांघरुणातून ओरडलो, "अहो सुभेदार, पहाट! पहाट झालीय नुसती, झोपू द्या की माणसाला!" पलीकडं क्षणभर विचार झाला. "पहाट? तीन अक्षरी हाय. वजन जास्त. भरतीला अपात्र." आणि फोन बंद. शेजारी बायको हसून हसून बेजार. मी मात्र त्या दिवशी दुपारी ताट पुढं आलं तरी "हाजिर" म्हणालो, इतकं ते खूळ माझ्याही डोक्यात शिरलं होतं.

पुढं हे लोण स्वयंपाकघरात गेलं. शब्दाबरोबर वस्तू दिसली पाहिजे, असा हुकूम निघाला. फळीवर पीठ आणि मीठ शेजारी शेजारी आले, तोवर ठीक होतं. डाळीच्या डब्याजवळ देवघरातले टाळ येऊन बसले, त्यांच्यावर एक माळ. आणि गुळाच्या डब्याशेजारी तसलाच एक डबा, त्यावर हिरव्या अक्षरात 'धूळ', आणि आत चाळून घेतलेली खरीखुरी तांबडी धूळ. मी त्याच आठवड्यात साताऱ्याला गेलो होतो. आक्कानं शिवूला चहासाठी गूळ आणायला पाठवलं, पोरीनं डबा आणला, आक्कानं बोलता बोलता न बघता चमचा घातला आणि पहिला कप मानाचा म्हणून माझ्या हातात दिला. मी घोट घेतला. नंतर मी जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही. साडूंनी चौकशी केली, दोन्ही डबे तपासले आणि समाधानानं निकाल दिला, "तुकडी बराबर वळखली पोरीनं. फकस्त जवान चुकला." मी चूळ भरत होतो. "आणि चूळ बी त्याच तुकडीतली," ते म्हणाले.

बाजारातही तेच. ज्या दिवशी 'डी'ची तुकडी असेल त्या दिवशी पिशवीत काकडी आणि भेंडी, बाकी भाज्यांना सुट्टी. भाजीवाल्या मावशी ओरडायच्या, "आवं सुभेदार, वांगी बगा की, लय कवळी हायत!" हे ताठ मानेनं सांगायचे, "वांग्याची तुकडी गुरुवारी." आक्का मला फोनवर म्हणाली, "भाऊजी, आठ दिस झालं, भेंडी खातुया. पोरगी वाचंल का न्हाई म्हाईत न्हाई, पर मला भेंडी दिसली की रडाया येतंय."

मी एकदा, फक्त एकदाच, धीर करून म्हणालो की, सुभेदार, तुकड्या झाल्या, हजेऱ्या झाल्या, आता एखादं गोष्टीचं पुस्तक द्या की पोरीच्या हातात. त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "पुस्तक म्हंजे बॉर्डर, पावणं. ट्रेनिंग पुरं झाल्याबिगर जवानाला बॉर्डरवर धाडत न्हाईत. तुमी मास्तर लोक पोरास्नी अर्ध्या ट्रेनिंगवर सोडताय, म्हून समदे पडत्यात." यावर काय बोलणार, सांगा! माझी अख्खी नोकरी एका वाक्यात निकालात निघाली.

मे महिन्यात सून आली. रात्रपाळी करून थेट एसटीत बसलेली, डोळे तांबारलेले. मी आणि बायकोही मुद्दाम गेलो होतो, कारण साडूंनी परेड बघायला बोलावलं होतं आणि न जाण्याची माझी हिंमत नव्हती. अंगण झाडून सडा टाकलेला. दोऱ्यांवर पुठ्ठे एका रेषेत. शिवू शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या, हातात छडी. साडूंनी 'सावधान' दिला आणि पोरगी सुटली. काय तो आवाज! एकदाही अडखळली नाही. "ताट हाजिर! वाट हाजिर! लाट हाजिर!" सुनेच्या चेहऱ्यावरचा शीण उतरत चाललेला मला दिसत होता. माझी बायको टाळ्या वाजवायला लागली. मीही हात वर केले, आणि वर केलेले हात तसेच राहिले. शिवूची छडी ज्या पुठ्ठ्यावर होती त्यावर 'पाट' लिहिलं होतं, आणि ती "खाट हाजिर" म्हणत होती.

झालं होतं एवढंच, की सून येणार म्हणून आक्कानं आदल्या दिवशी घरातल्या चादरी धुवायला काढल्या होत्या. शेजारणीची गच्ची बंद होती. मग तिनं आपल्याच दोऱ्यांवरचे पुठ्ठे उतरवले, चादरी वाळवल्या आणि संध्याकाळी पुठ्ठे परत लावले, जसे हाताला येतील तसे. तुकड्या तिनं चुकवल्या नव्हत्या, फक्त तुकडीतली रांग बदलली होती. आणि हजेरीत रांग कधी बदलतच नाही. वर्षानुवर्षं फौजेत ज्यानं एकाच क्रमानं नावं पुकारली, त्याला पुठ्ठ्यांची जागा बदलून बघायची असते हे सुचलंच नव्हतं. पोरीनं हजेरी पाठ केली होती. रोज, इमानानं, आजोबाला बरं वाटावं म्हणून.

सुनेच्याही ते लक्षात आलं. ती पुढं झाली, काही रागावली नाही, मधल्या एका पुठ्ठ्यावर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाली, "शिवू, ह्यो कंचा?" शिवूनं पुठ्ठ्याकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं, मग डोळे मिटले आणि पहिल्यापासून पुटपुटत आली, "ताट, वाट, लाट, खाट..." आणि बोटापाशी पोचल्यावर म्हणाली, "घाट." तिथं 'ताट' होतं. आक्कानं तोंडाला पदर लावला. "मला काय ठावं, आवं. म्या म्हटलं, शब्द ते शब्द, कुठं बी लावलं तरी वाचंलच की!"

मला वाटलं, आता साडू आक्कावर तोफ डागणार. पण शिवूच्या हातातली छडी त्यांनी काढून घेतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि सुनेला म्हणाले, "पोरगी फेल न्हाई, पोरी. उस्ताद फेल झाला." या माणसाच्या तोंडून माघारीचा शब्द निघावा अशी मी कितीदा तरी मनात इच्छा केली होती. निघाला, तेव्हा माझ्यानं तो ऐकवेना.

जूनमध्ये शिवू मिरजेला गेली. पहाटेचा फोन बंद पडला. मी पाच वाजता उगाच जागा व्हायचो, फोनकडं बघायचो आणि कूस बदलायचो. आक्का सांगायची की, त्यांनी दोऱ्या सोडल्या नाहीत. रोज सकाळी पुठ्ठे उतरवतात, पत्त्यांसारखे पिसतात आणि नव्या क्रमानं लावतात. "आता लावून काय उपेग? पर बोलायची सोय न्हाई."

नवरात्र झाल्यावर साडू आमच्याकडं सांगलीला आले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिरजेला गेलो. सून कामावर होती. शिवूला घेऊन आम्ही आइस्क्रीम खायला बाजारातून निघालो, तर पोरगी दिसेल ती पाटी वाचत सुटली. दवाखान्याच्या पाट्या, भाड्याच्या खोलीची पाटी, भिंतीवर थुंकू नये. सतारीच्या दुकानापाशी 'तंतुवाद्ये'वर अडखळली, पण सोडलं नाही, तोडून तोडून काढलंच. कुठल्याही क्रमानं, कुठूनही. मी थक्क होऊन साडूंकडं पाहिलं. त्यांची मान अभिमानानं ताठ झाली होती, अगदी पहिल्यासारखी.

तेवढ्यात शिवूनं त्यांचा हात ओढला. "आबा, आता मला वाचाया येतंय. आता मी साताऱ्याला येऊ न्हवं?"

साडू सतारीच्या दुकानाच्या काचेकडं वळले. "तुजी शाळा आता हितं हाय, बाळा," ते शेवटी म्हणाले. "पर आई म्हणालीती," शिवू म्हणाली. "वाचाया आलं की साताऱ्यालाच ऱ्हायाचं, आसं म्हणालीती की." आइस्क्रीम तिच्या मनगटावरून ओघळत होतं. साडूंनी खिशातला घडी घातलेला रुमाल काढून ते पुसलं, पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

ते साताऱ्याला परत गेल्यावर काही दिवसांनी मीच पहाटे पाच वाजता फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. मी म्हणालो, "सुभेदार, तुकडीला जवान पाहिजेत का?"

"भरती बंद हाय, पावणं," ते म्हणाले. "पोरगी वाचाया लागली."

"दिवाळीच्या सुट्टीत येईल की ती."

"येईल. पावनी म्हून येईल."

त्यांच्याकडं अंगणात आक्का झाडत असावी, खराट्याचा आवाज येत होता. मग ते घसा खाकरून म्हणाले, "ती तुमची पहाट मी घेतली तुकडीत. आटच्या दोरीला लावलीया, शेवटाला."

मी म्हणालो, "तीन अक्षरी होती ना? वजन जास्त होतं."

"असू द्या."

"पण आता वाचायला आहे कोण?"

"कोन न्हाई," साडू म्हणाले. "पर तुकडी पुरी असावी."