तिसरा आग्रह

मिनेसोटातल्या आपल्या गावी, चर्चच्या तळघरात, आर्डिस टॉलेफसनने आयुष्यभर इतरांना कॉफी ओतली. त्या तळघराची एक रीत होती. पहिल्या विचारण्याला ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्याला ‘उगाच त्रास’, आणि तिसऱ्याला, यजमानावर उपकार केल्यासारखं, ‘बरं, अर्धाच कप’. मग कप काठोकाठ भरायचा. पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणणारा एक जावई गावात होऊन गेला. तो कॅलिफोर्नियाचा, म्हणून लोकांनी त्याला माफ केलं होतं.

ही रीत नॉर्वेहून आली, असं तिची आजी सांगायची. “तिकडे आग्रहाशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत.” सत्तरी ओलांडल्यावर आर्डिस एकटीच ऑस्लोला आली, ती काही समुद्र बघायला नव्हे. आजीच्या देशात एकदा आपण खुर्चीवर बसावं आणि कुणीतरी आपल्याला आग्रह करावा, एवढीच तिची इच्छा होती. ती तिने कुणालाही सांगितली नव्हती. सांगून झाला तर तो आग्रह कसला?

रविवारी सकाळी ती चर्चला गेली. भजनांच्या चाली ओळखीच्या निघाल्या. प्रार्थनेनंतर एक उंच बाई किटली घेऊन आली.

“कॉफी घेणार?”

“नको नको,” आर्डिस आजीकडून शिकलेल्या जुन्या नॉर्वेजियनमध्ये म्हणाली आणि कप किंचित पुढे सरकवला.

“बरं,” बाई म्हणाली, आणि किटली पुढच्या टेबलावर गेली.

बाईच्या चेहऱ्यावर ना राग ना लोभ. नको म्हणजे नको. आर्डिस रिकाम्या कपाशी बराच वेळ बसून राहिली.

मग ती चित्रांच्या संग्रहालयात गेली. तिथे एका चित्रात एक उदास बाई खिडकीशी बसली होती. तिलाही कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं दिसत नव्हतं.

दुपारी लोकजीवनाच्या संग्रहालयात, एका काळपट लाकडी घरात, पारंपरिक वेशातली एक बाई चुलीवर लेफ्से भाजत होती. आजीच्या हातची तीच पातळ पोळी, तोच वास. आर्डिस सकाळपासून उपाशी होती.

“घ्या ना, गरम आहे.”

“नको नको.” शब्द तोंडातून गेल्यावर आर्डिसने जीभ चावली. मागच्या जर्मन जोडप्याने लगेच हात पुढे केले. बाईने त्यांना दिलं, आणि ती पुन्हा आर्डिसकडे वळली.

“थोडं तरी?”

“उगाच तुम्हाला त्रास.”

“त्रास कसला, मावशी? तुमच्यासाठी काय वेगळी चूल पेटवलीय? तोंडावर भूक दिसतेय, आणि म्हणे नको! घ्या बघू, नाहीतर मला वाईट वाटेल.”

आर्डिसने हात पुढे केला. “बरं, अर्धंच.”

लोणी-साखर लावून अख्खं मिळालं. वर आणखी एक.

“भेटलं एकदाचं कुणीतरी खरं नॉर्वेचं,” आर्डिस खाता खाता म्हणाली. “कुठल्या खोऱ्यातल्या तुम्ही?”

“मी? शिराझची. इराण.” बाईने तव्यावरचं लेफ्से उलटलं. “तुम्ही अगदी माझ्या आईसारखं नको म्हणता हो. इथले लोक पहिल्याच फटक्यात हो नाहीतर नाही म्हणून मोकळे होतात. वाढणाऱ्या हाताला काही मजाच नाही. कॉफी घेणार? माझ्या थर्मासमधली आहे.”

आर्डिसने रीतसर दोनदा नको म्हटलं.

गावी परतल्यावर तळघरात बायकांनी तिला घेरलं. “काय गं, आजी सांगायची तसंच आहे का तिकडे?”

“अगदी तसंच,” आर्डिस म्हणाली. “एका बाईने तर पोट फुटेस्तोवर आग्रह केला.”

“बाई कुठली होती ती?” एकीने विचारलं.

“होती तिकडचीच,” म्हणत आर्डिसने किटली उचलली.

तिसऱ्यांदा कुणी विचारलं असतं, तर तिने सांगितलंही असतं.