पंचविसाव्या जागेवरचं नाव

माझा अजूनही विश्वास बसत नाही. चार वर्षं झाली, तरी तो विषय निघाला की हातातलं काम तसंच राहतं. पाच हजार माणसांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलेला सामना, दोन-एक जिंकलेला, आणि तिसऱ्या दिवशी कळतं की तो आपण तीन-शून्य हरलो. घरी बसल्या बसल्या! असं कुठे असतं का?

सामल माझा शेजारी. लाम्बवीक गावात टपाल वाटायचा आणि उरलेला सगळा वेळ गावच्या फुटबॉल क्लबाचा सचिव असायचा. सत्तावीस वर्षं, बिनपगारी. माणूस इतका काटेकोर की बटाटे लावतानासुद्धा दोरी धरायचा. मी त्याला छळायची, तो ऐकून घ्यायचा. बायको गेल्यापासून संध्याकाळची कॉफी माझ्याच स्वयंपाकघरात व्हायची, आणि क्लबाचे कागद माझ्याच टेबलावर पसरायचे. मासळीच्या कारखान्यातून दमून यावं तर घरात कचेरी थाटलेली.

लोकांना वाटतं, युरोपातल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा म्हणजे ते लखलखते दिवे आणि कोट्यधीश पोरं. अहो, ते दिवे सप्टेंबरात लागतात. आमच्यासारख्या बारक्या देशांच्या विजेत्यांची स्पर्धा जूनमध्ये सुरू होते आणि बहुतेक वेळा जुलैतच आटोपते. युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या स्वित्झर्लंडमधल्या कचेरीत चिठ्ठ्या निघतात. गेल्या काही वर्षांत ज्यांनी गुण कमावले ते एका भांड्यात, आम्ही दुसऱ्यात, म्हणजे दांडग्याची गाठ दुबळ्याशीच पडणार याची पक्की सोय. मग एक सामना त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, दोन्हींच्या गोलांची बेरीज. आमचं 'घर' म्हणजेसुद्धा राजधानीतलं मैदान, कारण गावातल्या मैदानाला खुर्च्या पुरत नाहीत आणि दिवे मिणमिणते. हरलं तरी सरळ सुटका नाही. खालच्या स्पर्धेत उतरायचं, तिथे हरलं की त्याहून खालच्या. हे सगळं सामलला तोंडपाठ होतं. कुठल्या पायरीवर पडलं की कुठे जाऊन थांबतो, ते तो टेबलावर साखरेचे खडे मांडून मला समजावायचा. मी त्यातले दोन कॉफीत टाकून प्यायची.

त्या वर्षी आम्ही देशातली लीग जिंकली आणि पुन्हा युरोपात आलो. आधीच्या खेपेला चार वर्षांपूर्वी गेलो होतो, तेव्हा शेवटच्या सामन्यात आमच्या हैनीने पंचांना ढकललं होतं. हैनी आमचा बचावपटू, उंचीला दारात वाकावं लागेल एवढा आणि डोक्याने गरम. दोन सामन्यांची बंदी झाली. युरोपातली बंदी युरोपातच भरायची. मधली चार वर्षं तो घरच्या लीगमध्ये खेळला ती हिशेबात नाहीत. म्हणजे या खेपेला पहिल्या फेरीचे दोन्ही सामने तो बाहेर, हे गावातल्या मेंढ्यांनाही ठाऊक होतं.

जूनमध्ये सामल माझ्या टेबलावर खेळाडूंची यादी करायला बसला. पंचवीस नावं, त्याहून एक जास्त नाही. आधी पेन्सिलीने लिहायचं, मग कचेरीला पाठवायचं, ही त्याची रीत. चोवीस झाली आणि पंचविसाव्या जागी त्याने लिहिलं, हैनी.

"तो खेळणार आहे का?" मी विचारलं.

"नाही. बंदी आहे ना."

"मग जागा कशाला अडवतोस? घरात बसायला यादी लागते होय? तोर्फिनला घाल तिथे."

तोर्फिन म्हणजे शाळेचा शिपाई आणि आमचा तिसरा गोलरक्षक. वय एक्केचाळीस. एकोणीस वर्षं बाकावर बसला, दोनदा आत गेला, तेही दुसऱ्याचं नाक फुटलं म्हणून. मी म्हटलं, त्या बिचाऱ्याचं नाव एकदा तरी युरोपच्या कागदावर येऊ दे. आमच्या बेटावर मेंढीचं डोकंसुद्धा कुणी टाकत नाही, आणि हा शहाणा आख्खी जागा टाकायला निघालेला!

सामलची पेन्सिल थांबली. नियम बघून सांगतो म्हणाला. नियमांचं ते जाडजूड बाड त्याच्या घरी होतं, चाळीस पावलांवर.

"नियम, नियम," मी म्हटलं. "तू मरताना देवालासुद्धा कलम विचारशील. एकदा तरी माणसासारखं वाग की रे."

हे मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. सामल ओशाळून हसला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बघता त्याने रबर घेतलं, हैनी खोडलं, तोर्फिन लिहिलं. दुसऱ्या दिवशी क्लबाच्या खोलीत यादी मोठ्याने वाचली गेली. आमची तशी पद्धतच आहे. पंचविसावं नाव ऐकून तोर्फिन उठून बाहेर गेला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. कुणाला काही खटकलं नाही. हैनीलासुद्धा नाही.

पहिली फेरी आम्ही जिंकली. दक्षिणेकडचा कुठलासा गरम देश, आमच्या वाऱ्यात त्यांची पोरं हातमोजे घालून धावत होती. दुसऱ्या फेरीच्या यादीत तोर्फिन आपणहून बाजूला झाला, "माझं भरून पावलं" म्हणाला, आणि हैनीचं नाव आलं. आता समोर जो संघ होता त्याच्या एका शहरात आमच्या देशाच्या दसपट माणसं राहतात. त्यांच्याकडे गेलो आणि एक-एक अशी बरोबरी करून आलो. हैनी त्या सामन्याला गेलाच नव्हता. पोटरी धरली होती म्हणून घरी झोपून होता.

परतीचा सामना राजधानीत. सकाळच्या बैठकीत बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, बंदीवालं कुणी आहे का. सामल म्हणाला, एक होता, त्याने भोगली. हे त्याने मला नंतर अभिमानाने सांगितलं, मी स्टँडखाली वॅफल भाजत होते तेव्हा. संध्याकाळी हैनी शेवटची वीस मिनिटं खेळला आणि कोपऱ्यातून आलेला चेंडू त्याने डोक्याने आत घातला. दोन-एक.

तोंड उघडं ते उघडंच. ही फेरी जिंकली म्हणजे पुढचे सगळे सामने हरलो तरी कुठल्या ना कुठल्या स्पर्धेच्या हिवाळी लीगमध्ये आमची जागा पक्की. सामलने साखरेच्या खड्यांनी मला ते शंभरदा दाखवलं होतं. लाम्बवीकशी, नऊशे वस्तीच्या गावाशी खेळायला, ऑक्टोबरात विमानं भरून पाहुणे येणार! सामल पायरीवर बसला होता आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळत होता. मी कधी त्याला इतका आनंदी पाहिला नव्हता, त्याच्या लग्नातसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा. पायात नुसते मोजे. हातात फोन. वाच म्हणाला.

मी वाचलं. परत वाचलं. शब्द कळत होते, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. बंदी भोगायची तर खेळाडूचं नाव त्या सामन्यांच्या यादीत असावं लागतं. यादीतच नाही तो संघाचा नाही, आणि जो संघाचा नाही त्याने बंदी भोगली कशी? पहिल्या फेरीचे दोन्ही सामने फुकट. परदेशातल्या सामन्याच्या यादीत नाव होतं आणि खेळला नव्हता, तो एक भरला. एक राहिला होता. नेमका तोच सामना हैनी खेळला. निकाल रद्द, तीन-शून्य त्यांच्या बाजूने.

एक सामना! आणखी एक सामना तो बाहेर बसला असता, किंवा जूनमध्ये माझ्या टेबलावर एक नाव खोडलं नसतं, तर काही झालं नसतं. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि सामलकडे बघायची हिंमत होईना. आता हा बोलणार, असं वाटत होतं. त्याने फोन खिशात टाकला आणि मोज्यांवरच परत गेला.

निकालाविरुद्ध अर्ज केला, दोन दिवसांत फेटाळला गेला. आम्ही खालच्या स्पर्धेत पडलो, तिथून त्याहून खालच्या, आणि ऑगस्ट संपायच्या आत घरी. पोरांचे पाय चालत होते, पण मन कुठे होतं थाऱ्यावर?

मग क्लबाच्या खोलीत सभा झाली. सगळं गाव लोटलं होतं. हैनी म्हणाला, आयुष्यातला एकच गोल मी युरोपात मारला, तोही तुम्ही पुसलात, आणि दार आपटून गेला. तोर्फिन कोपऱ्यात मान खाली घालून रडत होता. आमचा अध्यक्ष पोल तसा भला माणूस, पण त्या दिवशी लालबुंद झाला होता. त्याने सरळ विचारलं, "हैनीला खोडून तोर्फिनला घालायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मी दुसऱ्या रांगेत होते. ज्या गावात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, जिथे पाद्रीसुद्धा मला वळसा घालून जातो, तिथे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मीच आहे का ही, असं मला वाटत होतं.

सामल उठला. "माझ्या," म्हणाला. "नियम मी बघायला हवा होता." आणि राजीनाम्याचा कागद त्याने पोलपुढे ठेवला. सत्तावीस वर्षांनी कुणी त्याला खाली बस म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेले. तो मोरीत मासे साफ करत होता. "माझं नाव का नाही घेतलंस?" मी विचारलं.

त्याने सुरी खाली ठेवली नाही. "यादीखाली सही कुणाची होती, मालान?"

"तुझी."

"मग झालं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले तरी असते.

सचिवाची जागा रिकामी राहिली. एवढं सगळं झाल्यावर कोण हात घालणार? शेवटी मी घेतली. तोंडाने जे जमलं नाही ते कामाने फेडू, असं मनाशी म्हटलं. ते जाडजूड बाड सामलनेच आणून दिलं आणि तीन आठवडे रोज बसून शिकवलं. आता यादी मी करते. बंदीवाल्यांची नावं सर्वांत आधी लिहिते. चार वर्षांत एक चूक नाही.

गेल्या महिन्यात वार्षिक सभेत गावाने मला लोकरीची शाल दिली. पोल बोलायला उभा राहिला. म्हणाला, सामलच्या हातून जे बुडालं ते मालानने सावरलं, असं मोठं मन कुणाचं असतं? सगळी खोली उभी राहिली. माझ्यासमोर माइक आला. आता सांगावं, या क्षणी सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं, आणि माझ्याच कानांनी मला ऐकू आलं, "धन्यवाद."

तिसऱ्या रांगेत सामल उभा होता आणि सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तो वाजवत होता.