सुमनची वाचायची पाळी

एसटी सुटायच्या आधी सासरे खिडकीशी आले आणि सुमनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "खोली कसलीबी बगा, पर शाळंजवळ बगा. मी वर्गाच्या भाईर बसून दोन यत्ता शिकलो. माजी नात आत बसून शिकंल." जाऊबाई, तुम्ही तिथंच उभ्या होता. सुमन शाळेत घालायच्या वयाची, धाकटी माझ्या मांडीवर, आणि मला काळजी पिठाचा डबा टपावर नीट बांधलाय का याची. रडायला सवडच झाली नाही, ते सगळं पुण्याच्या पुढं आल्यावर झालं.

आकुर्डीत खोली मिळाली पत्र्याची, पण खरोखर शाळेजवळ. हे कंपनीत कायम झाले. शिफ्ट, ओव्हरटाइम, कँटीन हे शब्द मी चौथी शिकलेली बाई इथंच शिकले. गावाकडं तुम्ही-मी मिळून चूल सांभाळायचो, इथं स्टोव्ह माझा एकटीचा आणि भांडायलाही कुणी नाही. त्याचंही वाईट वाटायचं.

नगरपालिकेच्या शाळेत एवढी मुलं की धडा सगळे मिळून एका सुरात म्हणायचे. आणि रविवारी वस्तीतल्या विहारात मुलं पाळीपाळीनं बुद्धांच्या चरित्रातला उतारा वाचायची. सुमन ओळीवर बोट ठेवून घडाघडा वाचायची. हे पहिल्या रांगेत असे ताठ बसायचे की जणू स्वतःच वाचताहेत.

सुमन चौथीत असताना पुण्याच्या कॉलेजातल्या एक बाई शाळेत येऊ लागल्या. मुलं वाचायला कशी शिकतात आणि काहींना ते का जड जातं, याचा त्या अभ्यास करत होत्या. एक दिवस थेट आमच्या खोलीवर आल्या. म्हणाल्या, सुमनला वाचता येत नाही. ह्यांची नुकतीच फर्स्ट शिफ्ट सुटलेली, डबासुद्धा हातातच होता. बाईंनी कार्डं काढली. त्यांवर गमूट, फसार, टिरव असले शब्द.

"ह्ये काय शब्द हायेत व्हय, बाई?" ह्यांचा आवाज चढला. "ह्ये कुणालाच येणार न्हाईत."

तेवढ्यात दुसरीतल्या धाकटीनं मान पुढं काढून सगळी कार्डं एका दमात वाचली आणि हसत सुटली. बाई शांतपणे म्हणाल्या, असे शब्द कुणाला पाठ नसतात, म्हणून तर कळतं मूल अक्षरं वाचतंय की ऐकलेलं म्हणतंय.

सुमन जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा, मला कुणी आधी वाचून दाखवलं की येतं."

म्हणजे पोरीनं दर शनिवारी मैत्रिणीकडून उतारा ऐकून तो पाठ केला होता. बाई म्हणाल्या, तिच्या डोळ्यांत दोष नाही, डोक्यात तर नाहीच. बोलणं मूल आपोआप उचलतं, वाचणं शिकवावं लागतं. अक्षर आणि आवाज यांची जोडी हिला चटकन जुळवता येत नाही. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत, हातानं गिरवत, रोज थोडं थोडं करून घ्या. ह्यांनी विचारलं, "गोळी, इंजेक्शन काय न्हाई का?" नव्हतं.

भावजींनी तेव्हा गावाहून निरोप धाडला होता, तुम्हाला आठवत असेल. शाळा जमत नसंल तर पोरीला हिकडं लावून द्या, कामाला हात होईल, पुढं स्थळही बघू. ह्यांचं मन तर पार मोडलं होतं. "आता बापाला काय तोंड दाखवू?" म्हणाले आणि मला तिचे कपडे बांधायला सांगितले. मी म्हटलं, "बांधते की. समद्यांचेच बांधते. ज्याच्यासाठी गाव सोडलं त्येच टाकायचं आसंल, तर हितं राहून करायचं काय?" असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. ते पायात चपला घालून बाहेर निघून गेले. कपडे मी दोरीवरच राहू दिले.

रविवारी विहारात सुमनची पाळी आली. मैत्रिणीकडे ती गेली नव्हती, मला माहीत होतं. नाव पुकारलं तसे हे उठून उभे राहिले. "माजी पोरगी आतापोत्तर ऐकून म्हणत व्हती," ते म्हणाले. "तिला वाचाया येत न्हाई. आज येईल तेवडं वाचंल. येळ लागंल." आणि खाली बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सुमननं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. एका शब्दापाशी अडली, परत मागं गेली, परत अडली. मागच्या बायका आता कुजबुजतील म्हणून मी कान देऊन होते. पण कुजबूज नाही, कुणाचं लेकरूही बाहेर पळालं नाही. आमच्यासारखीच गावं सोडून आलेली ती माणसं, बीडची, लातूरची, सोलापूरची, एका पोरीच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसून होती. पुढच्या कोपऱ्यातून एक म्हातारबा तेवढं म्हणाले, "घे पोरी, सावकाश घे."

तिनं ओळ पुरी केली. एकच ओळ.

जाऊबाई, तुम्ही प्रत्येक भेटीत विचारता, घरी कधी परत येणार? त्या रविवारी आम्ही विहारातून उठलो, तेव्हा मी पोरींना म्हटलं होतं, "चला गं, घरी जाऊ." त्या पत्र्याच्या खोलीला मी पहिल्यांदाच घर म्हटलं.