आखूड दांडीची वीणा

सोपानचा उजवा हात छातीपर्यंत आला आणि थांबला.

"आणखी वर?" मी विचारलं.

"न्हाई जात, मिस्त्री. हितंच कुलूप बसलंय."

मी टेप लावला. जमिनीपासून बोटांपर्यंत सत्तेचाळीस इंच. त्याच्या गावच्या देवळातली जुनी वीणा गळ्यात अडकवली की तार छेडायची जागा हनुवटीजवळ, चौपन्न इंचांवर येत होती. सात इंच कमी पडत होते. पट्टा सैल करून अडीच मिळाले असते. त्याहून खाली सोडली तर चालताना भोपळा मांडीवर आपटतो. उरलेले साडेचार इंच दांडीतून काढायचे. तार मध्यावर छेडतात, म्हणून साडेचारांसाठी तार नऊ इंच आखूड हवी.

मी तेव्हा पुण्यात वाद्यांच्या दुकानात दुरुस्तीच्या बाकावर होतो. घर पौडला. त्यामुळे मुळशीकडची माणसं थेट माझ्याकडे येत. सोपान आणि त्याचे वडील धोंडिबा रिह्याच्या खोऱ्यातले. सोपानचा हात कारखान्यात प्रेसमध्ये सापडला होता. हात वाचला, पण खांद्यातून उचलेना. नोकरी सुटली. तेव्हापासून तो घराच्या मागच्या पडवीत बसून असायचा, माणसांत येत नव्हता, असं धोंडिबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ते सांगतानाही त्यांना दोनदा खोकल्यासाठी थांबावं लागलं.

त्यांच्या गावात दरवर्षी देवळात सप्ताह बसे. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा कुणाच्या तरी गळ्यात असते. ती खाली टेकवायची नाही आणि तिचा झंकार थांबू द्यायचा नाही. पहारे वाटलेले असतात. पहारा बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. वय, नातं काही पाहत नाहीत. दिवेलागणीचा पहारा धोंडिबांच्या घरात तीन पिढ्या होता. पण गेल्या वर्षी त्यांना जुनी वीणा पेलली नव्हती, निम्म्यातच दुसऱ्याला द्यावी लागली होती.

"औंदा ह्यो उभा ऱ्हायला पायजे," धोंडिबा म्हणाले. "न्हाईतर पाटील म्हनले, पहारा दुसऱ्या घरात जाईल. एकदा गेला की गेला."

सोपान जमिनीकडे बघत होता. "आबा, मला येतंय कुटं वाजवाया?"

"चार तारा हायेत. म्या शिकवतो."

दुकानात पुराचं पाणी येऊन गेलेलं. निवड करायला फार माल नव्हता. माळ्यावर तीन आखूड वीणा होत्या, शिकणाऱ्यांसाठी केलेल्या, स्वस्तातल्या. पहिलीची दांडी डोळ्यासमोर धरली तर मध्ये वाकलेली दिसली. ती बाद. वाकलेल्या दांडीला इलाज नाही. दुसरीवर सुंदर पानंफुलं कोरलेली, पण भोपळ्याला केसासारखी चीर होती. तिसरी अगदी साधी, पॉलिशसुद्धा धड नाही, पण दांडी सरळ आणि भोपळा टिचकीला खणखणीत. तार सत्तावीस इंच. जुनीची छत्तीस होती. मी तिसरी घेतली.

स्वस्त वाद्यात सुधारणा करायची तर तीनच जागी करावी: तारा, खुंट्या आणि घोडी. नक्षीकाम सुराला उपयोगाचं नसतं.

तारांचा प्रश्न असा, की तीच तार आखूड केली आणि सूर तोच ठेवला तर ती सैल पडते. सगळ्यांत खालच्या सुराची, म्हणजे खर्जाची तार तर दोरीसारखी लोंबते. म्हणून तिथे दोन गेज जाड पितळी तार चढवली. जाड तारेला खुंटीचं भोक मोठं लागतं आणि त्या मऊ लाकडाच्या खुंट्या ताणाखाली घसरत होत्या. चारही काढून शिसवीच्या बसवल्या.

राहिली घोडी. तारा जिच्यावर टेकतात ती आडवी पट्टी. तिचा माथा अगदी किंचित उताराचा घासतात, म्हणजे तार तिला पुसटशी लागत राहते आणि सूर घुमतो. याला जवारी म्हणतात. ती नसली तर नुसता टणटण आवाज येतो. मूळची घोडी फेकून मी शिंगाची बसवली आणि जवारी काढत बसलो.

शेठ काउंटरवरून बघत होते. "मिस्त्री, वीणा विकायचीय की दत्तक द्यायचीय?"

"पोरगी धाकटी आहे, शेठ. सासरी टिकली पाहिजे."

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. हातातून गेलेलं काम चालताना बघावं म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन मी गावात गेलो. ऊन कलत होतं. देवळाच्या पायरीवरच कळलं, काहीतरी बिघडलंय. टाळ ऐकू येत होते, वीणा येत नव्हती. ती गावच्या मास्तरांच्या गळ्यात होती आणि ते जिवाच्या आकांताने छेडत होते. आवाज कोरडा, टणटण.

पाटील मंडपातच उभे होते. "या मिस्त्री. ही तुमची अर्धी वीणा. पहिल्या दिवशी बरी बोलली. आता मुकी झालीया."

"पोरांचं खेळनं हाय ते," मागून कुणी म्हणालं. "पेटीतली जुनी काढा."

सोपान अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून खांबापाशी उभा होता. पुढचा पहारा त्याचा.  धोंडिबा कोपऱ्यात वाकळेवर बसून होते.  जुनी वीणा निघाली तर सोपानचा हात पुरणार नाही, हे तिघांना ठाऊक होतं. तिसरा मी.

मी मास्तरांच्या गळ्यातली वीणा जवळून पाहिली. घोडी काळी झाली होती. गावच्या माणसांनी वीणेला देव मानलं होतं. येणारा प्रत्येक जण पाया पडताना तिला बुक्का वाहत होता. भोपळ्यावर उभी असलेली घोडी ही त्यांच्या हिशेबी वीणेची पावलं. तेलकट बोटांनी लावलेला तीन दिवसांचा बुक्का तारांखाली दडपून बसला होता. जवारीला लागते ती फट बुजली होती. जुन्या वीणेला कापडी खोळ होती, तिची घोडी कुणाला दिसतच नव्हती. ही उघडी होती.

"वीणा ठीक आहे," मी पाटलांना म्हणालो. "तिची पावलं धुवायला लागतील. माझ्याकडे द्या."

"खाली ठिवायची न्हाई."

"नाही ठेवत."

"आन वाजायची थांबाया नगं."

"एका वेळी एकच तार सोडतो. बाकीच्या तीन वाजू द्या."

"आन जमलं न्हाई तर?"

"मग काढा जुनी."

पाटलांनी धोंडिबांकडे पाहिलं. "पहाऱ्याची येळ झाली. कोन उभं ऱ्हानार?"

"माजा पहारा हाय," सोपान म्हणाला. दुकानात आल्यापासून त्याचा इतका स्पष्ट आवाज मी ऐकला नव्हता.

मास्तर त्याच्या पाया पडले, तो मास्तरांच्या. वीणा त्याच्या गळ्यात आली. मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. त्याने डाव्या हाताने दांडी धरली, उजव्याने छेडायला सुरुवात केली. मी पहिली तार सैल केली, बाजूला सरकवली, बारीक ब्रशने बुक्का काढला, कोरड्या फडक्याने शिंग पुसलं, तार जागेवर आणून सुरात चढवली. मग दुसरी. वाजणाऱ्या वाद्यावर काम करताना तारांची थरथर बोटांत येते, हात स्थिर राहत नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा उजवा हात होता. दंडाला घाम सुटला होता, पण बोटं चुकत नव्हती.

"दुखतंय?" मी हळूच विचारलं.

"तुमी तुमचं बघा, मिस्त्री."

शेवटी खर्ज राहिला. सैल केला तेव्हा देवळात वीणा जवळजवळ ऐकूच येईना. मागे कुजबुज झाली. मी घाई केली नाही. पुसून झाल्यावर जवारी पुन्हा खुलावी म्हणून तारेखाली रेशमाचा दोरा सरकवला, खुंटी पिळली, दोरा केसभर मागे ओढला. सोपानचं बोट फिरलं आणि खर्ज घुमला. टाळवाले एक क्षण थांबले, मग त्याच सुरात पुन्हा सुरू झाले.  पाटलांनी कमरेचं उपरणं सोडून माझ्याकडे दिलं. मी ते घोडीवरून भोपळ्याला गुंडाळलं.

पहारा संपत आला तसे धोंडिबा उठायला लागले. दोघांनी काखेत धरून त्यांना उभं केलं.

"आबा, पुढचा पहारा तुमचा न्हाई," सोपान म्हणाला.

"ठावं हाय. जरा दे."

सोपानने पाटलांकडे बघितलं. पाटलांनी मान हलवली. धोंडिबा वाकले. धरणाऱ्यांना वाटलं पडतात की काय. पण ते रीतीप्रमाणे वाकले होते. त्यांनी मुलाच्या पायाला हात लावला. सोपान मागे सरकला नाही. सरकता आलं नसतं, गळ्यात वीणा होती. मग त्याने वीणा वडिलांच्या गळ्यात घातली आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

जुनी त्यांना पेलली नव्हती. ही पेलली. एक अभंग होईपर्यंत ते वाजवत उभे राहिले. खोकला आला नाही. मग त्यांनी ती पुढच्या माणसाला दिली आणि वाकळेवर जाऊन पडले.

सप्ताह पुरा झाला. धोंडिबा त्या पावसाळ्यात वारले. दिवेलागणीचा पहारा अजून त्याच घरात आहे, आणि नव्याने शिकणाऱ्यांच्या हाती आधी ती आखूड वीणाच देतात.

मी मापं घेतली होती ती वाजवणाऱ्याची. त्याच्या भोवतीच्या माणसांचं माप घ्यायचं राहिलं होतं. त्यानंतर एकही वीणा मी खोळीशिवाय दुकानाबाहेर जाऊ दिली नाही. खोळ आम्ही वेगळी विकत नाही, वीणेबरोबरच देतो. शेठ अजून कुरकुरतात.