शेवंतीची घंटी

हे मी फक्त बायकोला सांगितलं असतं. पण ती गेल्यानंतर घडलेलं आहे, त्यामुळे आजवर कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. तुम्हाला सांगतो — आणि बघा, अजून धड सुरुवातही करवत नाही.

आधी मी त्या भानगडीत पडलोच कसा, ते ऐका. आष्टीला आमचं कापडाचं दुकान. मुलगा गल्ल्यावर बसायला लागला आणि मी घरातल्या खुर्चीवर. दिवसभर बोलायला कुणी नाही. सूनबाई 'जेवता का' विचारते, तेवढंच. म्हणून कुरणातल्या गाई बघायला माणसं हवी आहेत असं कळल्यावर मी लगेच नाव दिलं. गाईंचं मला काय कळतं? शष्प नाही. पण काम झाल्यावर सगळे मिळून चहा प्यायचे — मला तो चहा हवा होता.

गावाबाहेरच्या त्या राखीव कुरणात पावसाळ्यानंतर थोड्या गवळाऊ जातीच्या गाई मुक्कामालाच सोडतात, गवत माजू नये म्हणून. आम्ही पाळीपाळीने सकाळी आत जायचं, नाल्यापर्यंत फिरून प्रत्येक गाय डोळ्यांनी बघायची — लंगडते का, जखम आहे का — आणि मोबाइलवर गटाला कळवायचं. गाई गिरजाबाईच्या. नवरा नाही, मूल नाही. शेवंती या पांढऱ्याशुभ्र गाईवर तिचा भारी जीव. शेवंती पुढे चालायची, बाकीच्या तिच्या मागे, म्हणून घंटी फक्त तिच्याच गळ्यात.

एकदा गवतातून रानडुक्कर अंगावर आलं. थोडक्यात वाचलो. चहाच्या वेळी मीच ते रंगवून सांगितलं आणि सगळे मला 'शेर' म्हणायला लागले. या शेराने त्यानंतर फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही! फाटकाजवळच्या पुलाच्या कठड्यावर बसायचो, लांबून घंटी ऐकायचो आणि कळवायचो — सगळं ठीक. शेवंती ठीक, म्हणजे गाई ठीक. यात कुणाचं काय बिघडत होतं?

मग ती सकाळ. घंटी नाल्याकडून आली. सगळं ठीक, कळवलं. दुसऱ्या दिवशीही पाळी माझीच. घंटी पुन्हा तिथूनच — अगदी तिथूनच. चरणारी गाय हलते, आवाज सरकतो. हा सरकत नव्हता. जोरात वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा.

मला कळलं होतं. एवढे आढेवेढे घेत आलो ते याच्यासाठी — मला कळलं होतं. उठलो, फाटक उघडलं, पळसापर्यंत गेलो. पुढे गवत छातीइतकं. परत फिरलो. कुणाला फोन करता आला असता ना? पण मग 'तुम्ही का नाही गेलात' हे आलंच असतं. आणि तो चहा गेला असता. मी कळवलं — सगळं ठीक.

तिसऱ्या दिवशी दुसरे गेले. शेवंती नाल्याच्या गाळात पोटापर्यंत रुतलेली. दोर लावून काढली. दुपारी गिरजाबाईच्या मांडीवर मान टाकून ती गेली. काल काढली असती तर जगली असती, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

गिरजाबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — राग सोसला असता.

"काकाजी, तुमाले घंटी आयकू नाई आली काजी?"

"नाही," मी म्हणालो. "नाल्याच्या अलीकडून फिरलो मी. वाटलं, गवतात मागे राहिली असेल."

"मंग माह्या घंटीचाच आवाज बसला असन. जुनी होती. मीच बदलवाले पायजे होती." आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. मला स्वतःची किळस आली.

गुडघ्यांचं निमित्त करून मी ते काम सोडलं. चहाही सुटला. गिरजाबाईने बाजारातून सगळ्या गाईंना नव्या पितळी घंट्या आणल्या. उन्हाळ्यात गाई गावात असतात. संध्याकाळी आमच्या घरावरून जातात, तेव्हा ती ओसरीवरच्या माझ्या खुर्चीसमोर थांबते.

"आता येते नं आयकू, काकाजी?"

येते, म्हणतो मी. तिला बरं वाटतं.